मार्जारमीनांच्या प्रेरित प्रजननातील हॉर्मोनयोजना : एक तुलनात्मक विवेचन

मागूर हा मार्जारमीन हवेतील प्राणवायू प्रत्यक्ष घेऊ शकतो. कल्ल्यांच्या वरील पोकळीत झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेले त्याचे साहाय्यक श्वसनेंद्रिय त्यास उथळ, गढूळ आणि प्राणवायूने दरिद्री अशा पाण्यातही तगवून धरते. यामुळेच तो बाजारात जिवंत विकला जातो व त्यास इतर माशांहून अधिक भाव मिळतो. पावसाळ्याच्या आरंभी, भातखाचरे व डबकी पाण्याने भरू लागली म्हणजे निसर्गात त्याचे प्रजनन होते. तळ्यात पाळलेल्या मादीचे अंडाशय त्याच सुमारास अंड्यांनी भरून येतात, पोट फुगते, जननपिंडिका लालसर होते. परंतु अंडी बाहेर पडत नाहीत. ऋतू संपला की ती अंडी अंडाशयातच जिरून जातात. मत्स्यसंवर्धकाच्या दृष्टीने हे एक वर्ष वाया जाणे होय.

या अडचणीवर हॉर्मोनांचे अंतःक्षेपण हा उपाय गेल्या सुमारे सात दशकांत चांगलाच रुजला आहे. मात्र पोषग्रंथीचा अर्क, मानवी जरायु-गोनॅडोट्रोपिन, स्टेरॉइडे आणि अलीकडची संश्लेषित हॉर्मोने यांपैकी कोणते द्रव्य कोणत्या परिस्थितीत श्रेयस्कर, या प्रश्नास प्रयोगशाळांतून परस्परविरोधी उत्तरे मिळतात. या विरोधाचा काही भाग माशांच्या जातिभेदातून व पाण्याच्या तापमानातून येतो. आणि बराचसा भाग तुलना करण्याच्या सदोष रीतीतून येतो. प्रस्तुत लेखात प्रथम या द्रव्यांच्या कार्याची उपपत्ती आणि नंतर त्यांच्या तुलनेचे निकष यांचे विवेचन केले आहे.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. देशी मागुराचा समावेश आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत संकटग्रस्त जातींमध्ये झालेला आहे. त्याचे बीज पुरेसे मिळत नाही म्हणून अनेक संवर्धक झपाट्याने वाढणाऱ्या आफ्रिकी मार्जारमीनाकडे, म्हणजे आपल्या बाजारात ‘थाई मांगूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशाकडे, वळले. हा मासा अत्यंत खादाड असून देशी माशांस घातक ठरतो. केंद्र सरकारने १९९७ साली त्याच्या संवर्धनास मनाई केली आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ सालच्या आदेशानंतर महाराष्ट्रातही अशा तळ्यांवर कारवाई झाली. परंतु देशी बीज विपुल व स्वस्त झाल्यावाचून केवळ मनाईने हा मोह सुटणे कठीण आहे. देशी बीजाचे उत्पादन ज्या कृतीवर अवलंबून आहे, त्या कृतीची पारख यास्तव महत्त्वाची ठरते.

जातिनामाविषयी एक सूचना

जुन्या भारतीय वाङ्मयात मागुराचा उल्लेख क्लॅरिअस बॅट्रेकस या नावाने आढळतो. बॅट्रेकस ही खरी जाती जावा बेटावरील असून भारतीय मासा तिच्याहून भिन्न आहे, हे २००८ साली स्पष्ट झाले. तेव्हापासून हॅमिल्टनने १८२२ साली दिलेले ‘मागूर’ हेच जातिनाम भारतीय माशास लावण्यात येते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आग्नेय आशियातील ‘बॅट्रेकस’वर केलेल्या प्रयोगांतील मात्रा व कालावधी भारतीय मागुरास जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. तुलनेतील पहिली चूक पुष्कळदा येथेच, म्हणजे माशाच्या नावातच, घडते.

अंडमोचनाची साखळी

अंडमोचन ही एका साखळीची शेवटची कडी होय. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसातून गोनॅडोट्रोपिन-मोचक हॉर्मोन स्रवते. सस्तन प्राण्यांत ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पोषग्रंथीकडे जाते. अस्थिमत्स्यांत मात्र तंत्रिकातंतू स्वतःच पोषग्रंथीत शिरलेले असतात. या हॉर्मोनाच्या प्रभावाने पोषग्रंथीतून पीतपिंडकारी हॉर्मोन रक्तात येते व अंडाशयातील पुटकांवर कार्य करते. पुटकाचा बाह्य थर १७-आल्फा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन तयार करतो आणि आतील कणमय थर त्याचे परिपाककारक स्टेरॉइडात रूपांतर करतो. नागाहामा व आडाची या जपानी संशोधकांनी १९८५ साली आमागो सामन या माशात हे स्टेरॉइड १७-आल्फा, २०-बीटा-डायहायड्रॉक्सि-४-प्रेग्नेन-३-ओन असल्याचे दाखविले. मार्जारमीनांतही हे द्रव्य अंड्यांच्या परिपाकास अत्यंत प्रभावी असल्याचे दिसून आले आहे. त्याच्या प्रभावाने अंड्याचे केंद्रक मध्यभागातून कडेकडे सरकते, त्याचे आवरण विरघळते आणि अखेरीस अंडे पुटकातून सुटते.

तळ्यातील मादीमध्ये पीतककणांचा संचय, म्हणजे अंड्यांची वाढ, यथास्थित होते. उणीव असते ती शेवटच्या क्षणी पीतपिंडकारी हॉर्मोनाच्या रक्तातील प्रमाणात येणाऱ्या भरतीची. पाण्याची वाढती पातळी, पावसाचे नवे पाणी, घरटे करण्याजोगी जागा इत्यादी नैसर्गिक संकेतांच्या अभावी ही भरती येत नाही. हॉर्मोनयोजनेचे सर्व प्रकार ही एकच उणीव भरून काढतात. परंतु प्रत्येक प्रकार साखळीतील निराळ्या कडीवर हात ठेवतो. कोणते द्रव्य कोठे कार्य करते हे ध्यानात घेतले, म्हणजे त्याचे गुणदोष बहुतांशी आपोआप उलगडतात.

पोषग्रंथीचा अर्क

पोषग्रंथीच्या अंतःक्षेपणाचा प्रारंभ अर्जेंटिनात हूसे यांच्या १९३० सालच्या प्रयोगांनी झाला आणि त्याच दशकात ब्राझीलमध्ये फॉन ईहरिंग यांनी त्यास व्यावहारिक रूप दिले. भारतात हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनी १९५७ साली प्रमुख कार्प माशांत मिळविलेले यश सर्वश्रुत आहे. ओडिशातील अंगुल येथील त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९५६ साली, रामस्वामी व सुंदरराज यांनी सिंगी या मार्जारमीनात प्रेरित प्रजनन घडविल्याचे प्रसिद्ध केले होते आणि पाठोपाठ १९५७ साली क्लॅरिअसविषयीचे त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले, ही गोष्ट तितकीशी ध्यानात राहिलेली नाही.

अर्काची कृती सोपी आहे. परिपक्व माशाच्या कवटीतून ग्रंथी काढून ती शुद्ध अल्कोहॉलात किंवा ॲसिटोनात निर्जल करून ठेवतात. वापरतेवेळी ती घोटून, ऊर्ध्वपातित पाण्यात वा सौम्य लवणद्रावणात कालवून, वरचे नितळ द्रावण स्नायूत टोचतात. आफ्रिकी मार्जारमीनाकरिता कार्पची शुष्क ग्रंथी मादीच्या दर किलोग्रॅम वजनास ४ मिलिग्रॅम ही मात्रा रूढ आहे. मागुराकरिता भारतात याहून बरीच अधिक मात्रा वापरली गेली आहे.

ग्रंथीतील गोनॅडोट्रोपिन सरळ अंडाशयावर कार्य करीत असल्याने मादीच्या स्वतःच्या पोषग्रंथीची स्थिती कशीही असली तरी परिणाम घडतो. हा या पद्धतीचा मोठा गुण होय. दोष हा की, एक मिलिग्रॅम ग्रंथी म्हणजे हॉर्मोनाचे एक निश्चित प्रमाण नव्हे. दाता माशाची जात, वय, लिंग, ग्रंथी काढण्याचा ऋतू व ती टिकविण्याची रीत यांनुसार तिचे सामर्थ्य पालटते. शिवाय अर्कात पोषग्रंथीची अन्य हॉर्मोनेही असतात आणि दाता माशाचे रोग संक्रमित होण्याची शक्यता उरते. दोन प्रयोगशाळांनी ‘४ मिलिग्रॅम’ असे लिहिले, तरी त्यांनी सारखीच मात्रा दिली असे म्हणता येत नाही.

मानवी जरायु-गोनॅडोट्रोपिन

गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून मिळणारे हे ग्लायकोप्रथिन पीतपिंडकारी हॉर्मोनासारखे कार्य करते. ते शुद्ध स्वरूपात मिळते आणि त्याचे सामर्थ्य आंतरराष्ट्रीय एककांत मोजलेले असते. पोषग्रंथीच्या अर्कातील अनिश्चितता येथे नाही. रक्तातही ते दीर्घकाळ टिकते. भारतीय प्रमुख कार्प माशांत एकट्या जरायु-गोनॅडोट्रोपिनाचा परिणाम समाधानकारक नसतो. क्लॅरिअस व सिंगी मात्र त्यास चांगला प्रतिसाद देतात. आफ्रिकी मार्जारमीनात दर किलोग्रॅमला सुमारे ४,००० एकके ही मात्रा वापरली गेली आहे.

याची मर्यादा त्याच्या रेणूच्या आकारात आहे. हे मोठे परकीय प्रथिन असल्यामुळे वारंवार दिल्यास माशाच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात व पुढील खेपेस तीच मात्रा अपुरी पडू शकते. एकाच मादीचा उपयोग अनेक ऋतू करावयाचा असेल तेथे हा दोष उपेक्षणीय नाही.

स्टेरॉइडे

या विषयात भारतीय संशोधनाचे कार्य मौलिक आहे. सुंदरराज व गोस्वामी यांनी १९६६ साली पोषग्रंथी काढून टाकलेल्या सिंगी माद्यांवर अनेक हॉर्मोनांचे परिणाम तुलनात्मक रीतीने तपासले. पीतपिंडकारी हॉर्मोनाप्रमाणेच डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरोनासारख्या अधिवृक्क-वर्गीय स्टेरॉइडांनीही अंडमोचन घडते, असे त्यांस आढळले. त्यावरून पोषग्रंथी, आंतरवृक्क ऊती व अंडाशय असा एक अक्ष त्यांनी कल्पिला. पुढे परिपाककारक स्टेरॉइड अंडाशयातच निर्माण होते हे जपानी संशोधनाने दाखविल्यावर या उपपत्तीस मुरड घालावी लागली. परंतु अंतिम परिपाक स्टेरॉइडाच्या द्वाराच होतो, हा तिचा गाभा टिकून राहिला.

आफ्रिकी मार्जारमीनाच्या संवर्धनात डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरोन ॲसिटेट दर किलोग्रॅमला ५० मिलिग्रॅम या मात्रेत वापरले गेले. येथे मात्रांची तुलना उद्बोधक आहे. दीड किलोग्रॅम वजनाच्या मादीस हे स्टेरॉइड ७५ मिलिग्रॅम लागते. पुढे वर्णिलेल्या संश्लेषित मोचक हॉर्मोनाचे, दर किलोग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम या हिशेबाने, ७५ मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे अंतर एक हजार पटींचे आहे. साखळीच्या वरच्या कडीवर दिलेला लहानसा संकेत प्रत्येक पुढील पायरीवर वाढत जातो. शेवटच्या कडीवर मात्र कार्यकारी द्रव्याचे सर्व प्रमाण बाहेरूनच पुरवावे लागते. तेलमिश्रित स्टेरॉइडाच्या एवढ्या मात्रेने टोचलेल्या जागी सूज व व्रण उद्‍भवतात, आणि प्रजनक माद्या जतन करण्याच्या दृष्टीने ही पद्धत मागे पडली.

मोचक हॉर्मोनाची अनुरूपे व डोपामीन-विरोधक

सस्तन प्राण्यांच्या मोचक हॉर्मोनाची रचना १९७१ साली निश्चित झाली व त्या संशोधनाबद्दल शॅली आणि गिल्मँ यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दहा ॲमिनो अम्लांच्या या लहान रेणूचे सामन माशातील रूप १९८३ साली शेरवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. नैसर्गिक रेणू शरीरातील विकरांमुळे अल्पकाळातच मोडतो. सहाव्या स्थानी दक्षिण-रूपी ॲमिनो अम्ल व शेवटी एथिल-अमाइड गट योजल्यास विकरांची मात्रा चालत नाही. अशा अनुरूपांचे सामर्थ्य मूळ रेणूहून कितीतरी अधिक असते.

तरीही अनेक माशांत एकटे अनुरूप अपुरे ठरले. याचे कारण कॅनडातील पीटर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सोनमाशावरील कार्याने उघड झाले. पोषग्रंथीवर मोचक हॉर्मोनाची प्रेरणा असते, तसाच डोपामीनाचा लगामही असतो. लगाम सैल केल्यावाचून नुसती टाच मारून उपयोग होत नाही. यास्तव अनुरूपाच्या जोडीस डोपामीन-विरोधक देण्याची प्रथा पडली. लिन व पीटर यांच्या नावांवरून ती ‘लिन्पे पद्धती’ म्हणून ओळखली जाते. आफ्रिकी मार्जारमीनात नेदर्लंड्समधील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात पिमोझाइड दर किलोग्रॅमला ५ मिलिग्रॅम व अनुरूप ५० मायक्रोग्रॅम अशी जोडी यशस्वी केली. अर्थात् सर्व मार्जारमीनांत डोपामीनाचा लगाम सारखा घट्ट नसतो. अमेरिकेतील चॅनेल मार्जारमीनात विरोधकावाचूनही केवळ अनुरूपाने, दर किलोग्रॅमला सुमारे १०० मायक्रोग्रॅम दोन हप्त्यांत देऊन, अंडमोचन घडविले जाते.

बाजारातील तयार द्रव्ये याच तत्त्वावर आधारलेली आहेत. ओवाप्रिम या द्रव्याच्या एक मिलिलिटरात सामन-अनुरूपाचे २० मायक्रोग्रॅम व डोम्पेरिडोनाचे १० मिलिग्रॅम असतात. मागुरास दर किलोग्रॅमला १ ते १.५ मिलिलिटर ही मात्रा रूढ आहे. म्हणजे १५० ग्रॅम वजनाच्या मादीस १ मिलिलिटर या हिशेबाने ०.१५ मिलिलिटर, अर्थात् ३ मायक्रोग्रॅम अनुरूप व १.५ मिलिग्रॅम डोम्पेरिडोन मिळते. हंगेरीतील ओवोपेल या गोळ्यांत सस्तन-अनुरूप व मेटोक्लोप्रमाइड यांची जोडी आहे. भारतात ओवाटाइड व वोव्हा-एफएच ही देशी द्रव्ये तयार झाली. या सर्वांचे गुण उघड आहेत : मात्रा निश्चित, एकच अंतःक्षेपण, शीतगृहाची फारशी निकड नाही, लहान रेणूमुळे प्रतिपिंडांची भीती अल्प, आणि भरती माशाच्या स्वतःच्या पोषग्रंथीतून येत असल्याने ती नैसर्गिक क्रमाला अधिक जवळची. परंतु हा शेवटचा गुण हीच यांची अटही आहे. मादीच्या पोषग्रंथीत हॉर्मोनाचा साठा नसेल, म्हणजे ऋतू उलटला असेल किंवा मादी कुपोषित असेल, तर येणारी भरती उथळ राहते. अशा मादीत पोषग्रंथीचा अर्क किंवा जरायु-गोनॅडोट्रोपिन अधिक खात्रीचे ठरू शकते. ऋतूच्या मध्यावर केलेला प्रयोग आणि ऋतूच्या अखेरीस केलेला प्रयोग यांचे निष्कर्ष उलट आले तर त्यात नवल नाही.

तुलनेचे निकष

येथवरच्या विवेचनावरून असे दिसेल की, भिन्न द्रव्यांच्या मात्रा परस्परांशी जोडता येत नाहीत. मिलिग्रॅम ग्रंथी, आंतरराष्ट्रीय एकके व मायक्रोग्रॅम अनुरूप यांना समान माप नाही. एका द्रव्याची उत्तम मात्रा व दुसऱ्याची अपुरी मात्रा यांची तुलना करून दुसरे द्रव्य हीन ठरविणे सोपे असते. यास्तव प्रत्येक द्रव्याच्या किमान तीन मात्रांचा प्रतिसाद आधी नोंदवून, नंतर प्रत्येकाच्या उत्तम मात्रेची तुलना करणे हाच न्याय्य मार्ग होय.

दुसरा निकष काळाचा. अंतःक्षेपणापासून अंडी पिळून काढण्याच्या क्षणापर्यंतचा सुप्तकाल तापमानावर फार अवलंबून असतो. आफ्रिकी मार्जारमीनात पोषग्रंथीच्या अर्कानंतर हा काळ २० अंश सेल्सिअसला सुमारे २१ तास, २५ अंशांस ११ तास आणि ३० अंशांस ७ तास असतो. देशी मागुरात ओवाप्रिमनंतर तो सामान्यतः १६ ते १७ तास धरला जातो. आफ्रिकी माशाचा तक्ता मागुरास लावणारा संवर्धक अपक्व अंडी पिळील. तसेच संश्लेषित अनुरूपास अर्काहून एक पायरी अधिक चढावी लागत असल्यामुळे त्याचा सुप्तकाल सामान्यतः थोडा दीर्घ असतो. आता एखाद्या प्रयोगात सर्व गटांतील माद्या एकाच ठरावीक तासाला पिळल्या, तर शीघ्र कार्य करणाऱ्या द्रव्याच्या गटातील अंडी अतिपक्व होतील व मंद कार्य करणाऱ्या गटातील अपक्व राहतील. दोन्हींकडे फलनाचे प्रमाण घटेल आणि दोष हॉर्मोनास लागेल. वस्तुतः मोजले गेले ते घड्याळ. प्रत्येक द्रव्याचा स्वतंत्र सुप्तकाल ठरविल्यावाचून त्यांच्या अंड्यांच्या प्रतीची तुलना करणे व्यर्थ आहे.

तिसरा निकष छेदाचा. ‘उबवण ८० टक्के’ हा आकडा फलित अंड्यांपैकी की एकूण अंड्यांपैकी, हे सांगितले नसेल तर तो निरर्थक होय. केवळ समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. क आणि ख या दोन द्रव्यांच्या गटांत प्रत्येकी १० माद्या असून प्रत्येक यशस्वी मादीपासून ५,००० अंडी मिळतात असे मानावे. क गटात दहाही माद्यांत अंडमोचन झाले, परंतु फलन ६० टक्के व फलित अंड्यांची उबवण ५० टक्के आली. ख गटात सातच माद्यांत अंडमोचन झाले, परंतु फलन ८५ टक्के व उबवण ८० टक्के आली. अंडमोचनाच्या आकड्यावर क सरस. परंतु डिंभ मोजले तर क गटातून १५,००० आणि ख गटातून २३,८०० मिळतात. संवर्धकास अंडी नकोत, डिंभ हवेत. यास्तव अंतःक्षेपण केलेल्या प्रत्येक मादीमागे, मग तिने अंडी दिलेली असोत वा नसोत, मिळालेले जिवंत डिंभ हे अंतिम माप मानावे व बाकीच्या टक्केवाऱ्या त्याच्या स्पष्टीकरणार्थ द्याव्यात.

चौथा निकष संख्येचा. अनेक निबंधांत प्रत्येक गटात तीनच माद्या असतात. एखाद्या द्रव्याने खरोखर ८० टक्के माद्यांत अंडमोचन होत असेल, तर यदृच्छेने निवडलेल्या तिन्ही माद्या यशस्वी होण्याची संभाव्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१२ इतकी आहे. तात्पर्य, असे द्रव्य निम्म्याहून किंचित अधिक प्रयोगांत ‘शंभर टक्के यशस्वी’ म्हणून नोंदले जाईल आणि उरलेल्या प्रयोगांत दोन तृतीयांश किंवा त्याहून कमी. माद्या दहा असत्या तर दहाही यशस्वी दिसण्याची संभाव्यता सुमारे ११ टक्क्यांवर येते. शिवाय एका मादीची ५०० अंडी मोजली म्हणून ५०० स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत. प्रयोगाचे एकक मादी हेच असते. अंड्यांच्या संख्येवर आधारलेली सार्थता-कसोटी यामुळे फसवी ठरते.

पाचवा निकष नियंत्रणाचा. केवळ लवणद्रावण टोचलेला एक गट आणि ज्या द्रावकात हॉर्मोन विरघळविले आहे तो द्रावक टोचलेला दुसरा गट ठेवणे आवश्यक आहे. माद्यांची निवड पोटाच्या फुगवट्यावरून न करता सूक्ष्म नलिकेने काढलेल्या अंड्यांचा व्यास व केंद्रकाची जागा पाहून करावी. प्रत्येक दिवशी प्रत्येक गटातील एकेक मादी घ्यावी, म्हणजे त्या दिवसाचे तापमान व हवामान सर्वांस समान राहील. अंडी मोजणाऱ्यास गटाचे नाव ठाऊक नसावे.

नराचा प्रश्न

मादीच्या हॉर्मोनाची तुलना करताना नराचा विसर पडतो. मागुराच्या नरापासून कार्पप्रमाणे पोट दाबून रेतद्रव्य मिळत नाही. नर मारून, वृषण कापून, ते लवणद्रावणात घोटून वापरावे लागतात. नराच्या रेताची प्रत भिन्न असल्यास फलनाचा फरक मादीच्या हॉर्मोनाच्या माथी मारला जातो. यास्तव अनेक नरांचे एकत्र केलेले रेतद्रावण सर्व गटांतील अंड्यांवर समान प्रमाणात योजावे. अंड्यांचा काही अंश त्याच दिवशीच्या अन्य मादीच्या अंड्यांबरोबर पारखून घेणेही उपयुक्त असते.

या बाबीस आणखी एक बाजू आहे. प्रत्येक प्रयोगात नर मारावे लागतात आणि मासा संकटग्रस्त आहे. थोडेच नर वापरून पुष्कळ बीज काढले, तर पुढील पिढीत सगोत्र प्रजनन वाढते; अधिक नर मारले, तर प्रजनकांचा साठा घटतो. सदोष आखणीचा प्रयोग पुन्हा करावा लागतो, तेव्हा हा खर्च दुप्पट होतो. प्रयोगाची आखणी काटेकोर असणे हे येथे शास्त्रीय शिस्तीचे तसेच जातीच्या संरक्षणाचेही अंग ठरते.

निष्कर्ष

उपलब्ध ज्ञानावरून पुढील गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. ऋतूच्या मध्यावर असलेल्या, उत्तम पोसलेल्या मागूर माद्यांत मोचक हॉर्मोनाचे अनुरूप व डोपामीन-विरोधक यांची जोडी सोय, मात्रेची निश्चिती व प्रजनकांची सुरक्षितता या तिन्ही दृष्टींनी सरस आहे. जरायु-गोनॅडोट्रोपिन हा मार्जारमीनांपुरता समर्थ पर्याय असून ऋतूच्या अखेरीस किंवा पोषग्रंथीचा साठा क्षीण असता त्याचे महत्त्व वाढते. मात्र त्याच माद्यांत त्याची पुनरावृत्ती टाळावी. पोषग्रंथीचा अर्क स्वस्त व खात्रीचा असला, तरी त्याचे सामर्थ्य मोजले नसेल तर तुलनात्मक प्रयोगात त्याचा आकडा विश्वसनीय धरू नये. स्टेरॉइडांचे स्थान बीजोत्पादनापेक्षा शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासात अधिक आहे.

यांपैकी कोणत्याही द्रव्याने कच्ची मादी पिकत नाही. हॉर्मोन फक्त शेवटची कडी जोडते; त्यापूर्वीच्या सर्व कड्या आहार, पाणी व ऋतू यांनी जोडलेल्या असाव्या लागतात. ज्या बीजकेंद्रात एकामागून एक द्रव्ये बदलूनही फळ येत नाही, तेथे बाटलीपूर्वी प्रजनकांचे तळे तपासावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा खरा प्रश्नही हाच आहे : एकाच माद्यांच्या साठ्यातून जून, जुलै व ऑगस्ट अशा तीन वेळी, प्रत्येक द्रव्याचा सुप्तकाल स्वतंत्रपणे ठरवून, अंतःक्षेपण केलेल्या दर मादीमागे जिवंत डिंभ किती मिळतात याची नोंद करणे. अशी एक मालिका पूर्ण झाली, तर देशी मागुराच्या बीजकेंद्रास आज पडताळ्यावाचून स्वीकाराव्या लागणाऱ्या मात्रांऐवजी ऋतूनुसार निवड करता येईल.